नडगीचे दुखणे अंगावर काढू नका

वाडीत पहाटे अमरावती रोडच्या कडेने भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 गुण मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावण्याचे. बाकीचे 100 मीटर धावणे व गोळाफेकीचे. निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. तेव्हा मेहनत हवीच. पण ती जाणकाराच्या नजरेखाली हवी.

आमच्या वस्तीतला एक मुलगा डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर धावायचा. नडगी दुखू लागली. बाम चोळला, पट्टी बांधली, धावणे मात्र थांबवले नाही. शेवटी आम्हीच त्याला दवाखान्यात नेले. हाडाला बारीक चीर गेली होती. त्या वर्षीची भरती हुकली.

शिकलेला प्रशिक्षक अंतर हळूहळू वाढवतो, मातीवर धाववतो, विश्रांतीचा दिवस ठेवतो. छातीत दुखले, चक्कर आली तर डॉक्टरकडे पाठवतो. जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले, हे विसरू नये.

पैशाचा प्रश्न रास्त आहे. बार्टीने अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी पोलीस-सैन्य भरतीपूर्व मोफत प्रशिक्षण चालवले आहे. पुढची तुकडी कधी, हे समाजकल्याण कार्यालयात विचारावे. फी घेणाऱ्याला आधी शारीरिक शिक्षणाची पदवी विचारावी.

आईबापांनो, पुस्तकाच्या अभ्यासाला आपण मास्तर शोधतो. शरीराच्या अभ्यासालाही शोधावा.