ऊन पाठीवर घ्या!

आपल्याकडे बाहेर फोटो काढायचा म्हटलं की समोरच्याला पहिली सूचना मिळते ती म्हणजे "उन्हाकडे तोंड करून उभे राहा." दुसरी, "हसा." आणि तिसरी, "अहो, डोळे उघडे ठेवा की!" आता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी करून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्यामुळे घरोघरच्या अल्बममध्ये एकच चेहरा दिसतो: कपाळाला आठ्या, डोळ्यांच्या चिरा आणि दात विचकून ठेवलेले. माणूस महाबळेश्वरला मजेत आहे की दाढदुखीने हैराण आहे, काही कळत नाही.

मला विचाराल तर ही पहिली सूचना आता रिटायर करायला हवी. बाहेर माणसाचा फोटो काढताना ऊन त्याच्या पाठीवर घ्यावं आणि चेहऱ्याला फ्लॅशचा थोडासा उजेड द्यावा. थोडासाच. या 'थोडासा'साठीच खरं तर ही पोस्ट लिहितोय, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी हा नियम आला कुठून ते बघू. १९०० साली कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा आला आणि फोटोग्राफी सामान्य माणसाच्या हातात आली. साधी लेन्स, शटरचा वेग जवळजवळ ठरलेला, फिल्म मंद. भरपूर ऊन असल्याशिवाय फोटो येणारच नाही. म्हणून मग 'सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे हवा' असा नियम झाला. आपल्याकडे पुढे कित्येक घरांत आग्फाचा क्लिक थ्री आला, तिथेही प्रकाशाच्या बाबतीत ऊन की ढग एवढंच ठरवायचं. त्या कॅमेऱ्यांसाठी नियम बरोबरच होता. पण आपल्या कोडमध्ये नाही का, कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी एक ओळ टाकलेली असते, तिचं कारण संपलेलं असतं, टाकणारा कंपनी सोडून गेलेला असतो, आणि तरी ती ओळ काढायची कोणाची हिंमत होत नाही. हा नियम म्हणजे अगदी तसलाच लेगसी कोड आहे.

ऊन पाठीवर घेतलं की काय होतं? पहिली गोष्ट, माणसाचे डोळे आपोआप उघडतात. हसायला सांगावं लागत नाही. दुसरी, केसांना आणि खांद्यांना उजेडाची एक कड येते आणि माणूस मागच्या झाडाझुडपांपासून सुटा दिसतो. तिसरी, नाकाची वेडीवाकडी सावली गालावर पडत नाही. चेहरा सगळा एकसारख्या, मऊ सावलीत.

अडचण एकच. ती सावली मागच्या उजेडापेक्षा दोन-तीन स्टॉपने काळी असते. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे चार ते आठ पट फरक. सिंहगडावर हिवाळ्यात संध्याकाळी सूर्य तोरण्याच्या अंगाला उतरतो तेव्हा सगळे ग्रुप फोटो काढतात आणि सोमवारी ऑफिसात बघतात तर तोरणा सुरेख आणि मित्रांच्या जागी सहा कोळशाची पोती. मित्रांप्रमाणे एक्स्पोजर धरलं तर तोरणा गायब आणि आकाश पांढरंफटक. एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही बसत नाही. म्हणून सावलीत थोडा उजेड ओतायचा. यालाच फिल फ्लॅश म्हणतात. म्हणजे फ्लॅशची खरी गरज रात्रीपेक्षा भर उन्हात जास्त असते. हे पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

इंजिनिअर मंडळींना यातली गंमत लगेच कळेल. दोन उजेड आहेत आणि त्यांची बटणं वेगळी आहेत. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की शटर त्याहून कितीतरी जास्त वेळ उघडं असतं. म्हणून शटरचा वेग बदलून फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, तो फक्त अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि अंतर यांवर ठरतो. उन्हाच्या उजेडावर मात्र शटरचाही परिणाम होतो. म्हणजे मागचं आकाश शटरने सांभाळा आणि चेहरा फ्लॅशने. अट एवढीच की शटर सिंक स्पीडच्या वर जाऊ द्यायचं नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५०च्या आसपास असतो. त्याहून वेगात शटरचा दुसरा पडदा मध्ये येतो आणि फोटोत काळा पट्टा दिसतो. हाय स्पीड सिंक नावाचा उपाय आहे, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्ची पडते.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. हिवाळ्यातली संध्याकाळ, पावणेपाच वाजलेत. आयएसओ १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/८. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर १२ धरा. १२ भागिले ८, म्हणजे दीड मीटरवर तो पूर्ण उजेड देईल. पण आपल्याला पूर्ण नकोच आहे. दीड स्टॉप कमी हवा, म्हणजे अडीच मीटरपर्यंत आरामात पुरतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे दीडवर ठेवा आणि विसरून जा. संध्याकाळचं ऊन पिवळं आणि फ्लॅश निळसर वाटला तर फ्लॅशवर केशरी जिलेटिनचा तुकडा चिकटवा, नाटकातले लाइटवाले वापरतात तोच. आणि सूर्य थेट लेन्समध्ये घुसत असेल तर माणसाच्या डोक्याआड किंवा फांदीआड लपवा. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावलीच नाहीशी होते. तेव्हा ऊन पाठीवर घेण्याचा प्रश्नच नाही, सरळ एखादं झाड गाठा.

"पण आता फोन सगळं करतो ना?" करतो, मान्य. एचडीआरमध्ये फोन झटपट अनेक फ्रेम्स घेतो आणि जोडतो. चेहरा उचलतो, आकाश खाली ओढतो. पण तो नवा उजेड आणत नाही, आहे त्याचीच वाटणी करतो. जास्त ओढाताण झाली की ऊन उन्हासारखं दिसत नाही आणि चेहरा मेणाचा वाटतो. फोनचा एलईडी दिवा तर उन्हात दोन मीटरवर काजव्याइतकाच. फोनच वापरायचा असेल तर माणसाला उन्हात तापलेल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं करा, भिंतीकडे तोंड, उन्हाकडे पाठ. किंवा बसलेल्या माणसाच्या मांडीवर पेपर पसरून द्या. फुकटचा फिल आहे.

आता त्या 'थोडासा'कडे येतो.

गेल्या दिवाळीत गावी, साताऱ्याकडे, आजीचा फोटो काढला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला ऊन सोसत नाही. अंगणात बाजेवर उन्हाकडे पाठ करून बसवलं. काका म्हणाले, "अरे, उजेड तिच्या मागं आणि तू पुढं, काळं येणार सगळं." दीड स्टॉप कमी फ्लॅश दिला. आजीचा रंग आहे तसा आला, सावळा, उन्हात काम केलेल्या माणसाचा. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं हिरवं गोंदणही अगदी स्पष्ट. पांढऱ्या केसांना सोन्याची कड. आजी खूश. तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत मोठी प्रिंट काढायला दिली. आणायला गेलो तर फ्रेममध्ये कोणीतरी गोरीपान बाई. गोंदण गायब. विचारलं तर म्हणतो, "डाग होते, काढले. पब्लिकला असंच लागतं."

चिडलो, पण त्याचं दुसरं वाक्य खोटं नाही हो. पब्लिकला असंच लागतं. म्हणूनच बहुतेक लोक फ्लॅशही तसाच मारतात, पूर्ण ताकदीने, समोरून. सावळा चेहरा भुरका पडला की 'फोटो छान आला' म्हणायचं. फोटोग्राफीच्या धंद्याला ही खोड जुनीच आहे. कोडॅकच्या प्रिंटिंग लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' असायचं, त्यावर गोरी बाई. तिची कातडी नीट दिसली की मशीन नीट. निरनिराळ्या वर्णांच्या माणसांचं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं, आणि गूगलने रिअल टोन नावाने फोनमध्ये सावळ्या-काळ्या रंगाचा मुद्दाम विचार केला तो २०२१ साली. म्हणजे मशीनं उशिरा का होईना सुधारतायत. आपलं काय?

म्हणून माझं मत असं: फिल फ्लॅशचं काम सावलीत काय आहे ते दाखवणं, सावली पुसणं नव्हे. उणे दीड स्टॉपवर माणूस सावलीत बसलेलाच दिसतो, फक्त त्याचे डोळे, सुरकुत्या, रंग दिसायला लागतात. शून्यावर नेलात की तो बॅनरवरच्या नेत्यासारखा चिकटवलेला वाटतो. आणि त्याच्या पुढे गेलात तर तो तो राहतच नाही.

यात एवढं मनावर घेण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण घरात कोणी गेलं की काय होतं ते आठवा. रात्री सगळे आपापल्या फोनमध्ये एक धड फोटो शोधत असतात. सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापतात, मागे अर्धा खांदा दुसऱ्याचाच, आणि तोच फोटो पुढची तीस वर्षं भिंतीवर राहतो. हजारो फोटो आहेत आपल्याकडे. जेवणाच्या ताटांचे आहेत, गाडीचे आहेत, सेल्फी तर विचारू नका. आई-बाबांचा डोळे उघडे असलेला, त्यांच्या खऱ्या रंगातला, निवांत बसलेला असा किती जणांकडे आहे?

तर मंडळी, या रविवारी पाच वाजता आई-बाबांना गच्चीत न्या, खुर्ची द्या आणि पाठ उन्हाकडे करून बसवा. "अरे, उजेड मागे आहे" असं ते म्हणतीलच. म्हणू द्या. :)