अंदाजपंचे कॉन्फिग

कॉन्फिग फाइल वाचणं हे काय काम आहे, असा अनेक डेव्हलपरांचा सूर असतो. लायब्ररीच्या एका ओळीत फाइल उघडायची, हवी ती की उचलायची आणि पुढच्या कामाला लागायचं. आतली व्हॅल्यू आकडा की मजकूर, ते पार्सर बघून घेतो. त्यासाठी वेगळा स्कीमा लिहिणं म्हणजे नसता उपद्व्याप!

पार्सर काय बघून घेतो ते तपासूच. शहरांचे एसटीडी कोड यॅमल फाइलीत अवतरणचिन्हांशिवाय लिहा आणि पायथॉनच्या पाययॅमल लायब्ररीनं वाचा. पुण्याचा ०२० हातात येतो तो १६ होऊन. मुंबईचा ०२२ होतो १८. यॅमल १.१ मध्ये शून्यानं सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची धरतात आणि ही लायब्ररी तोच नियम पाळते. पणजीचा ०८३२ मात्र सहीसलामत सुटतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही; तो मजकूर म्हणून येतो. एकाच यादीत दोन चुकीचे आकडे, तिसरा मजकूर, आणि एररचा पत्ता नाही. याच अंदाजबाजीत नॉर्वेचा देशसंकेत ‘एनओ’ नकार समजला जातो आणि ‘फॉल्स’ होतो, पायथॉनची ३.१० आवृत्ती ३.१ होते.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, अवतरणचिन्हं घाला, चूक लिहिणाऱ्याची. पण प्रॉडक्शनची फाइल बदलणारा माणूस बहुतेकदा कोड लिहिणारा नसतो. त्यानं अष्टमानाचे नियम पाठ करावेत, ही अपेक्षाच उफराटी आहे.

दुसरे म्हणतात, यॅमल सोडा, टॉमल घ्या. यात तथ्य आहे. टॉमलमध्ये मजकुराला अवतरणचिन्हं सक्तीची आहेत आणि पायथॉनमध्ये ३.११ पासून टॉमल वाचण्याची सोय अंगभूत आहे. पण टाइमआउट उणे असू नये, हे टॉमलला कुठून कळणार? कीचं स्पेलिंग चुकलं तरी फाइल नियमानं शुद्धच; ॲप डीफॉल्ट व्हॅल्यू घेऊन मुकाट चालत राहतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तर सगळाच मजकूर: ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग पायथॉनमध्ये थेट बूलियन केली तर ‘ट्रू’ निघते, कारण रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग तिथं खरी.

फॉरमॅटला तुमच्या ॲपचा अर्थ कळत नाही. तो कोडनंच सांगायला हवा. कोणती की सक्तीची, व्हॅल्यू कोणत्या प्रकारची, मर्यादा काय, हे एका ठिकाणी लिहा आणि ॲप सुरू होतानाच सगळी फाइल त्यावर पडताळा. पायथॉनमध्ये पायडँटिक, रस्टमध्ये सर्डे, गोमध्ये स्ट्रक्ट अशी साधनं तयार आहेत. पायडँटिकच्या दुसऱ्या आवृत्तीत कोड मजकूरच हवा असं नोंदवलं असेल, तर पुण्याचा १६ दारातच अडतो. अनोळखी की मात्र सर्डे आणि गोचा जेसन डिकोडर सोडून देतात. त्या नाकारण्याची सूचना आपल्याला द्यावी लागते. ती द्याच.

एकदा वापरून टाकायच्या स्क्रिप्टला हे सोपस्कार नकोत, हे मान्य. पण दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या ॲपला ही सवलत नाही. सुरू होतानाच पडलेलं ॲप डिप्लॉय करणाऱ्याला लगेच दिसतं. चुकीची व्हॅल्यू घेऊन चाललेलं ॲप आधी ग्राहकाला दिसतं.

पुढच्या डिप्लॉयआधी आपल्या मशीनवर एका कीचं स्पेलिंग मुद्दाम चुकवा आणि ॲप सुरू करा. ते निमूट सुरू झालं, तर स्कीमा लिहायला बसा.