मालक बदलला, सेवेचे काय?

पंढरीच्या वारकऱ्यांची ने-आण करणारी बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारच्या ताब्यात गेली. रूळ तेच, गाड्या त्याच. बदलला तो मालक. जुन्या कंपनीने मात्र कामगारांची सेवा संपुष्टात आणली होती. त्यांनी भरपाई मागितली, तेव्हा १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चालू उद्योगातील जादा कामगार कमी करणे म्हणजे कपात. मालकी बदलणे ही कपात नव्हे. कामगारांचे हात रितेच राहिले. १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून संसदेने ही उणीव दूर केली.

आज तोच प्रश्न नव्या वेषात उभा आहे. कारखान्याचे उपाहारगृह, सुरक्षा, हिशेबाचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपविले जाते. माणूस तोच, काम तेच. पगारपत्रकावरचे नाव तेवढे निराळे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही १९५७ चे तत्त्व कायम ठेवले आहे. आस्थापनेचे हस्तांतर झाल्यास वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळावयास हवे. बारा वर्षांच्या सेवेचे १८० दिवस होतात. ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी. सेवेत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा कमी लाभाच्या नाहीत आणि पुढे कपात झाल्यास जुनी सेवा धरून भरपाई देण्याचे दायित्व नव्या मालकावर आहे, या तिन्ही गोष्टी असतील तरच जुना मालक सुटतो. केवळ एखादा विभाग कंत्राटावर देऊन तेथील कामगार कमी केले, तर ती सरळ कपातच होय.

मग माणसे नागविली जातात कशी? राजीनाम्याच्या कागदाने! ‘येथे राजीनामा द्या, तेथे नेमणूकपत्र घ्या,’ असे गोड शब्दांत सांगितले जाते. स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्यास कपातीची भरपाई नसते आणि नव्या दप्तरी त्याची सेवा शून्यापासून सुरू होते. शिवाय व्यवस्थापक आणि दरमहा १८ हजारांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाहीत. मध्यमवर्गीय घरांनी हे विसरू नये. त्यांचा आधार म्हणजे नेमणूकपत्रातील अटी.

उद्योगाने काटकसर जरूर करावी. परंतु ती कामगाराच्या उमेदीच्या वर्षांवर पाणी सोडून नव्हे. आणि कामगारानेही सही करण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा: माझी मागील सेवा कोण मोजणार?