पेला मिळाला, जमीन?



आपल्यातले काही शिकलेसवरलेले म्हणतात, दारं उघडली, पुतळे उभे राहिले, आता भांडण कशाला? त्यांच्यासाठी दोन हिशेब.

पहिला चोखोबाचा. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू होतं, भिंत कोसळली, चोखोबा मजुरांबरोबर गाडला गेला. साल 1338. जन्मभर देवाला हाका मारल्या, आत कुणी घेतलं नाही. मेल्यावर जागा मिळाली ती पंढरपुरात पायरीपाशी. दार उघडलं 1947 ला, तेही साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा. सहाशे नऊ वर्षं! नि उघडलं काय? नुसतं दार.

दुसरा बोहेमियाचा. आपल्या वसईत 1534 ला पोर्तुगीजांनी रोमचं चर्च आणलं ना, त्याच चर्चनं 6 जुलै 1415 ला यान हुसला कॉन्स्टन्स गावी जिवंत जाळलं. गुन्हा काय? लोकांच्या चेक भाषेत प्रवचन केलं, पैसे घेऊन पापाची माफी विकणाऱ्यांना आडवा गेला. राजा सिगिस्मुंडनं सुखरूप परतायची हमी दिली होती. राजाचा शब्द! तो हुसच्या आधीच जळाला.

तेव्हा चर्चात भाकर सगळ्यांना, द्राक्षारसाचा पेला फक्त पाद्र्याच्या ओठाला. महाडचं तळं ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. हुसच्या माणसांनी पेलाच निशाणावर काढला. कुणब्यांनी धान्य झोडायची दांडकी उचलली, गाड्यांचा कोट केला, नि 1420 ते 1431 पोपच्या फौजा पाचदा पिटाळल्या. ताबोर गाव वसवलं. तिथं खजिना सगळ्यांचा एक.

मग हरले कुणाकडून? पोपकडून नाही. 1434 ला लिपानीच्या माळावर, ज्यांना नुसता पेला पुरे होता ते आपलेच लोक सरदारांच्या बाजूनं गेले नि ताबोरवाले कापले गेले. 1436 ला पेला मंजूर झाला. चर्चच्या जमिनी सरदारांनी गिळल्या. कसणाऱ्याला काय? पेला.

आता आपल्याकडं बघा. बाबासाहेब 1935 ला येवल्यात बोलले, 1956 ला नागपुरात करून दाखवलं. पण 1957 चा रिपब्लिकन पक्ष आज किती तुकड्यांत आहे, मोजा. 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी तुरुंग भरले. आज जूचंद्रला दिवा गाडी धरून पाळीवर जाणाऱ्या आपल्या किती पोरांच्या नावावर सातबारा आहे?

पद, पुतळा, पुरस्कार, कुणी कसलाही पेला पुढं करो. ओठाला लावायच्या आधी विचारा, जमीन कुठाय? नि शेजारी बघा, आपला माणूस उभा आहे का कापला गेलाय.

जयभीम!