एका रांगेत दोन मतं घ्या, पण जागा रिकामी ठेवू नका!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

साचेखात्यात एक माणूस आजारी पडला तर साचा किती वेळ बंद राहतो? पाळीचा भोंगा झाला की जॉबर फाटकावर येतो, बदलीवाल्यांतून एकाला हाक मारतो, साचा चालू! मालकाला एका साच्याचं एका पाळीचं नुकसान सोसवत नाही. मग सबंध पुणे शहराची लोकसभेतली जागा चौदा महिने बंद पडली, ती कुणाला सोसवली?

खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी वारले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१ अ सांगतं, सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्या. मुदत वर्षाहून कमी उरली असेल, किंवा निवडणूक घेणं अवघड आहे असा दाखला आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून दिला, तरच सूट. पुण्याची मुदत तर वर्षाहून अधिक उरली होती. तेव्हा आयोगाने दुसरी पळवाट धरली. म्हणे आमची यंत्रणा २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतली आहे, आणि निवडून येणाऱ्याला दिवस तरी कितीसे मिळणार! निवडणुकीची तयारी चालू आहे म्हणून निवडणूक नाही! दिवाळीच्या बोनसचा हिशेब चालू आहे म्हणून या महिन्याचा पगार नाही, असं मालक म्हणाला तर तुम्ही फाटकावर काय कराल?

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाचं म्हणणं झिडकारून ताबडतोब निवडणूक घेण्याचा हुकूम दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याला खासदार मिळाला तो जून २०२४ मध्ये.

याहून चमत्कारिक गोष्ट अकोल्याची. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले. तिथली पोटनिवडणूक आयोगाने २६ एप्रिल २०२४ ला ठेवली, म्हणजे अकोल्यात लोकसभेचं मतदान होतं त्याच दिवशी. एकदाच रांग, एकदाच खर्च. इथे आयोगाचं डोकं ठिकाणावर होतं, हे आम्ही मोकळेपणी म्हणतो. पण मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पोटनिवडणूक रद्द केली, कारण मुदत वर्षाहून कमी उरत होती. दोष त्या कलमाचा. २६ एप्रिलला अकोल्याचा मतदार उन्हात रांगेत उभा राहिलाच. मांडव तोच, शाई तीच, मास्तर तेच, पोलीस तोच. फक्त एक यंत्र कमी! आमदारासाठी त्याला नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. यात सरकारचा एक पैसा तरी वाचला का?

कुणी शहाणे म्हणतात, दोन निवडणुका एकत्र आल्या की अडाणी मतदार गोंधळतो, एका लाटेत दोन्ही मतं वाहून जातात. नांदेडला या! २० नोव्हेंबर २०२४ रोजी तिथे विधानसभेची नेहमीची निवडणूक आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने घेतल्या, आणि लोकसभा काँग्रेसने जिंकली, १,४५७ मतांनी. निकाल कुणाला आवडो न आवडो, दोन यंत्रांत फरक करणारा मतदार गोंधळलेला म्हणता येईल का?

आणि गिरणगावाला हे कुणी शिकवावं? १९५७ साली उमेदवारागणिक वेगळी पेटी होती. मुंबई मध्यची लोकसभेची जागा दुहेरी, म्हणून त्यासाठीच दोन मतं, शिवाय विधानसभेचं वेगळं. सही न येणाऱ्या माणसांनी चिन्हं पाहून नेमक्या पेट्यांत मतं टाकली आणि कॉम्रेड डांगे व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे माने या दोघांना दिल्लीला धाडलं. द्वैभाषिकाला पहिला तडा गेला तो त्या पेट्यांनी.

दुसरी ओरड अशी की थोड्या महिन्यांसाठी निवडणूक कशाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिनेटर डायान फाइनस्टाइन सप्टेंबर २०२३ मध्ये वारल्या. ५ नोव्हेंबर २०२४ ला मतदाराने एकाच मतपत्रिकेवर त्याच जागेसाठी दोनदा मत दिलं, एक उरलेल्या मुदतीसाठी, एक पुढच्या सहा वर्षांसाठी. दोन्हींत ॲडम शिफ निवडून आले. जुनी मुदत ३ जानेवारी २०२५ ला संपत होती! मध्यंतरी गव्हर्नरने आपल्या पसंतीची बाई त्या जागी बसवली होती. ती चाल आम्हाला नको. पण उरलेल्या आठवड्यांसाठीही लोकांना विचारलं, एवढं तरी घ्या. अकोल्याचा तर निकालानंतर साडेपाच महिन्यांचा प्रश्न होता.

आपल्यातल्या पुष्कळांचं नाव अजून गावच्या यादीत आहे. कलम १३५ ब प्रमाणे मतदानाला भरपगारी सुट्टी मिळते, मालकाने खाडा कापला तर दंड आहे (पाचशे रुपयांपर्यंत, मालकाच्या एका जेवणाचा!). पण एस.टी.चं भाडं कलम देत नाही. म्हणून एकाच दिवशी दोन मतं हे आपल्या सोयीचं आहे. मात्र त्या सोयीच्या नावाखाली जागा कुलपात ठेवणं आम्हाला मंजूर नाही.

आमची मागणी सरळ आहे. सार्वत्रिक निवडणूक जवळ आली हे कारण सहा महिन्यांची मुदत मोडायला चालणार नाही, असं कलम १५१ अ मध्ये लिहा. आणि जिथे त्याच केंद्रावर दुसरं मतदान होणारच आहे, तिथे मुदत वर्षाहून कमी उरली तरी रिकाम्या जागेचं मत त्याच रांगेत घ्या. फाटकावर मतं मागायला येईल त्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारा, आणि तो हो म्हणतो की नाही हे चार माणसांदेखत वदवून घ्या.