निर्मूलन कोणाचे?

माझा धाकटा भाऊ नववीत आहे. थंडीच्या दिवसांत त्याचे हातपाय आणि कंबर अशी काही दुखू लागते की आईला रात्रभर शेक देत बसावे लागते. दोन दिवसांनी तो अंगणात दिसला की शेजारी म्हणतात, "बरा तर दिसतो, मग शाळा का बुडवतो?" त्याला सिकलसेल आहे. आमच्या विदर्भात हे नाव नवे नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता शेकडा २५. एवढे गणित आता शाळकरी मुलांनाही पाठ असते.

पाठ नसते ते दुसरेच. बरोबरीच्या मुलांना मिसरूड फुटते आणि हा मात्र सातवीतला वाटतो, कारण या आजारात वाढ उशिरा होते. डोळे पिवळसर. सारखे पाणी प्यावे लागते, म्हणून वर्गाबाहेर जाण्याची परवानगीही सारखी मागावी लागते, आणि मागे खसखस पिकते. कवायतीला बसून राहिला की आळशी! वेदनेवर गोळी आहे. या रोजच्या मानहानीवर कोणती?

गेल्या वर्षी शाळेत व्याख्यान झाले. वाहकाने वाहकाशी लग्न करू नये, असे पाहुण्यांनी बजावले. सल्ला शास्त्राला धरूनच होता. पण घरी येऊन भावाने विचारले, "ताई, आईबाबांनी आधी तपासलं असतं तर मी नसतोच ना?"

मला उत्तर सुचले नाही.

२०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झाले. व्हावे, अवश्य व्हावे. परंतु समोरच्या बाकावर ज्याच्या रक्तातच तो आजार आहे असा मुलगा बसला असेल, तर 'निर्मूलन' हा शब्द त्याच्या कानाला कसा लागत असेल? लग्नाच्या गोष्टींआधी त्याच्या आजच्या जगण्याविषयी चार शब्द बोलायला काय हरकत होती?

१९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी हा आजार प्रथम वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यक शिकणारा विशीतला विद्यार्थी होता. तो पदवी घेऊन मायदेशी परतला आणि त्याने तिथे व्यवसाय केला. पुढे अल्पायुषी ठरला हे खरे. पण आजची औषधे तेव्हा कुठे होती? पुस्तकांत त्याच्या पेशींचे वर्णन असते, पदवीचे क्वचितच.

ही हकीकत मी भावाला सांगितली. त्याने एकच विचारले, "त्याच्या कॉलेजात कवायत होती का गं?"