प्रयोगशाळेतील हवा कोण मोजतो?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेवर बरेच लिहून आले. कामाचे तास, स्त्रियांची रात्रपाळी, कारखाना कशाला म्हणावे, असे विषय त्यात होते. संशोधन प्रयोगशाळांचा उल्लेख मला त्या चर्चेत फारसा आढळला नाही. दुसरीकडे राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या बातम्या आपण सारे उत्साहाने वाचतो आहोत. ६००३.६५ कोटी रुपयांच्या या योजनेला १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संगणनाचे केंद्र इथे बेंगळुरूला, भारतीय विज्ञान संस्थेत आहे आणि संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत.

मला या दोन बातम्या एकत्र वाचाव्याशा वाटतात. क्वांटमचे पुष्कळसे काम अतिशीत तापमानाचे असते, आणि अतिशीत तापमान म्हटले की बंद, वातानुकूलित खोलीत द्रवरूप नायट्रोजन आणि हीलियम आलेच. त्या खोलीत रात्री अकरा वाजता पंचविशीतली एखादी मुलगी एकटी काम करीत असते. ती जी हवा श्वासात घेते ती कोण मोजतो, केव्हा मोजतो आणि मोजलेले कोणाला दाखवतो, एवढ्याच प्रश्नाविषयी हे टिपण आहे.

आधी थोडे गणित. एक लिटर द्रवरूप नायट्रोजन खोलीच्या तापमानाला आला की त्याचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. पन्नास लिटरचे एक पात्र पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत सांडले, तर ६० घनमीटरच्या त्या खोलीत ३५ घनमीटर नायट्रोजन शिरतो. हवा कशी मिसळते यावर उत्तर थोडेफार बदलते, पण प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून ९ ते १२ टक्क्यांपर्यंत खाली येतो. एवढ्यात माणूस कोसळू शकतो, आणि कोसळण्यापूर्वी त्याला काही जाणवेलच असे नाही. गुदमरल्याची भावना प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड साचल्याने निर्माण होते. नायट्रोजनने भरलेल्या खोलीत आपण कार्बन डायऑक्साइड नेहमीप्रमाणे बाहेर टाकत असतो, त्यामुळे शरीर तक्रारच करीत नाही. १९ मार्च १९८१ रोजी केनेडी अंतराळ केंद्रात कोलंबिया यानाच्या उड्डाणपूर्व चाचणीनंतर मागच्या कप्प्यात शिरलेले तंत्रज्ञ असेच एकामागून एक पडले. कप्प्यात नायट्रोजन भरलेला होता. पहिल्या उड्डाणाच्या आधीच त्या यानाने माणसांचे बळी घेतले होते.

म्हणूनच अशा खोलीच्या भिंतीवर प्राणवायूमापक बसवतात. मी पूर्वी जिथे काम करीत होते तिथेही तो होता. मी रुजू झाले तेव्हा त्याच्या भोंग्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली होती. ‘तो उगाच वाजतो’ असे मला सांगण्यात आले. उगाच काही वाजत नसते, एवढा विश्वास पदार्थविज्ञानाच्या शिक्षणाने दिलेला असल्यामुळे मी त्याची पुस्तिका उघडली. या जातीच्या मापकातील संवेदक प्राणवायूची टक्केवारी थेट मोजत नाही. तो प्राणवायूचा आंशिक दाब मोजतो आणि त्यावरून टक्केवारी दाखवतो. येलहंका समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब मुंबईच्या दाबाच्या सुमारे नव्वद टक्के. समुद्रसपाटीवर कॅलिब्रेट केलेला मापक इथल्या अगदी स्वच्छ हवेतही १८.७ च्या आसपास आकडा दाखवणार, आणि भोंगा वाजण्याची मर्यादा १९.५ ला ठेवलेली! यंत्र प्रामाणिक होते. त्याला इथल्या हवेची ओळख करून देण्याचे काम कोणी केले नव्हते, इतकेच. शिवाय हा संवेदक म्हणजे एक लहानसा विद्युतघटच असतो. तो दोन-तीन वर्षांत झिजतो आणि झिजताना आकडा आणखी खाली सरकतो. पुन्हा भोंगा, पुन्हा टेप.

या काळात वार्षिक सुरक्षा-तपासणी झाली नव्हती असे नाही. ती झाली, वेळेवर झाली. तपासणीच्या तक्त्यात प्रश्न होता: ‘प्राणवायूमापक बसविला आहे काय?’ उत्तर: होय. सलग दोन वर्षे तेच उत्तर. टेपही दोन्ही वर्षे जागच्या जागी होती.

माझे म्हणणे असे आहे की तपासणी हे एक मापन आहे, आणि मापनाला आपण प्रयोगात जे नियम लावतो तेच तिला लावले पाहिजेत. समोर काहीही ठेवले तरी एकच आकडा दाखवणारे उपकरण आपण भंगारात काढतो. मग दरवर्षी चाळीसच्या चाळीस रकान्यांत ‘समाधानकारक’ लिहून येणारा तक्ता आपण फाइलीत इतक्या जपून का ठेवतो? जिच्यात एकदाही दोष सापडत नाही अशा तपासणीचा अर्थ प्रयोगशाळा निर्दोष आहे असा होऊ शकतो, किंवा तपासणीची संवेदनक्षमता शून्य आहे असाही. या दोहोंतले खरे काय हे त्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. त्रुटीचा पट्टा न दिलेला आलेख आपण विद्यार्थ्याला परत करतो. स्वतःच्या जिवाबद्दलचे कागद मात्र आपण न वाचता सही करून पुढे सरकवतो.

दोष सापडला म्हणजे भागले, असेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रसायन प्रयोगशाळेत २९ डिसेंबर २००८ रोजी हवेच्या संपर्कात येताच पेटणारे रसायन सिरिंजमधून सांडले. ते हाताळणाऱ्या २३ वर्षांच्या संशोधन सहायक तरुणीच्या अंगावर प्रयोगशाळेचा कोट नव्हता, कृत्रिम धाग्यांचा स्वेटर होता. ती अठरा दिवसांनी मरण पावली. त्याच प्रयोगशाळेची विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये तपासणी केली होती, आणि माणसे कोट घालत नाहीत ही नोंद त्या तपासणीत झालेली होती. म्हणजे उपकरण चालू होते, त्याने बरोबर आकडा दाखवला, आणि पुढचे दोन महिने तो आकडा कागदावर पडून राहिला. पुढे तेथील सरकारी वकिलांनी विद्यापीठावर आणि प्राध्यापकांवर फौजदारी आरोप ठेवले. बरोबर एक वर्षाने, २९ डिसेंबर २००९ रोजी, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एका रसायन प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. ‘किरणोत्सर्गाचा धोका नाही’ ही त्या दिवसाच्या बातम्यांतली ठळक ओळ होती. देशाला हायसे वाटणे स्वाभाविक होते, पण त्या दोघांच्या घरच्यांसाठी त्या ओळीत काहीच नव्हते.

आणि आमच्या शहरातली ५ डिसेंबर २०१८ ची दुपार. भारतीय विज्ञान संस्थेतील आघाततरंगांच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन एक तरुण संशोधक जागीच ठार झाला आणि त्याचे तीन सहकारी गंभीर जखमी झाले. हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट असावा असे तेव्हा सांगण्यात आले. गेलेला तरुण संस्थेच्या आवारातच काम करणाऱ्या एका कंपनीचा कर्मचारी होता. हायड्रोजनबद्दल एवढेच सांगते की हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असले तरी तो पेटतो, आणि त्याला पेटवायला लागणारी ठिणगी आपल्या बोटाला जाणवणाऱ्या ठिणगीपेक्षा कितीतरी पट दुबळी असली तरी चालते. नेहमीच्या आकाराच्या, १५० बार दाबाच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर हायड्रोजन असतो.

सिलिंडरच्या बाबतीत आपल्याकडे नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे, २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत, आणि प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते. ही चाचणी पाणी भरून करतात, कारण पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सिलिंडर फुटलाच तरी फारशी ऊर्जा बाहेर पडत नाही. किती सुंदर युक्ती! पण नियम सिलिंडरपाशी संपतात. त्याला जोडलेला रेग्युलेटर, पुढची नळी, कोणीतरी घाईत टेफ्लॉनची टेप गुंडाळून बसवलेला जोड, हे सारे प्रयोगशाळेच्या हवाली असते. तुमच्या प्रयोगशाळेतील सिलिंडरच्या खांद्यावरची तारीख तुम्ही शेवटची केव्हा वाचलीत, हे आठवून पाहा. मी हे टिपण लिहायला बसण्यापूर्वी खाली जाऊन वाचून आले.

हवेच्या बाबतीत तर आपले अज्ञान अधिकच सुखाचे आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे पीएच.डी. झालेल्या माणसांनाही सांगावे लागते. फ्यूम हूडच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी हलते की नाही एवढे पाहून तपासणी पूर्ण होते. पट्टी हलली म्हणजे हवा हलते एवढेच कळते. आत शिरणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास हवा, आणि तो मोजायला हातात मावणारा वेगमापक लागतो, ज्याची किंमत एखाद्या चांगल्या भिंगापेक्षा जास्त नसते. हूडमध्ये बाटल्यांचे कोठार केले असेल तर तो वेगही फसवा. काही ठिकाणी मी लॅमिनार फ्लोच्या टेबलावर विद्रावके उघडलेली पाहिली आहेत. ते टेबल हवा माणसाच्या तोंडावर सोडते. नमुना स्वच्छ राहतो, फुप्फुसांचे तेवढे विचारू नका.

इथे थोडे विषयांतर करते. आपल्याकडे जिला खंडेनवमी म्हणतात त्या दिवशी बेंगळुरूत आयुधपूजा होते. कार्यशाळेतले लेथ, ड्रिल, आमचे व्हॅक्यूम पंप, सारे पुसून त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात, दारात कोहळा फोडतात. मी देवभोळी नाही, पण हा दिवस मला आवडतो. त्या दिवशी कोणीतरी प्रत्येक यंत्राला खरोखर हात लावतो. एका वर्षी कार्यशाळेतले ज्येष्ठ तंत्रज्ञ पंपाला कुंकू लावायला वाकले आणि म्हणाले, “मॅडम, पट्ट्यावरची जाळी कुठे गेली?” जाळी कुणी दुरुस्तीसाठी काढून कपाटामागे ठेवली होती, आणि पट्टा कित्येक महिने उघडा फिरत होता. चाळीस रकान्यांच्या तक्त्याला जे दिसले नाही ते पंधरा मिनिटांच्या पुसापुशीत दिसले.

आता कायद्याकडे. येलहंक्याच्या वायू-वीजकेंद्रात २ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे चाचणीदरम्यान आग लागून पंधरा जण होरपळले, तेव्हा निदान विचारायचे कोणाला हे स्पष्ट होते. तो कारखाना होता आणि कारखान्यांवर देखरेख करणारे सरकारी खाते होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हवा खेळती ठेवण्याचे कलम पहिल्यापासून होते, आणि भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कामाच्या जागी हवेतील विषारी द्रव्यांच्या कमाल मर्यादाही आल्या. विद्यापीठातील प्रयोगशाळेत तेच विद्रावक, तोच दाब, तीच वीज असते. पण तिथे काही ‘उत्पादन’ होत नाही. १९७८ साली बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की शिक्षणसंस्थाही त्यात सामावल्या. तरीही पीएच.डी.चा विद्यार्थी कामगार ठरत नाही. त्याला मिळते ती अधिछात्रवृत्ती, वेतन नव्हे. नव्या संहितेत निरीक्षकाचे नाव बदलून ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाले आहे. हा सुविधाकार कोणाच्या सुविधेसाठी येणार या यादीत आमची मुले नाहीत.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, आधीच खरेदीच्या नियमांनी जीव नकोसा केला आहे, त्यात आणखी कागद कशाला? ही तक्रार खरी आहे, आणि मला आणखी कागद नकोतच. चाळीस रकान्यांचे दहा करा, पण त्या दहांत आकडे लिहा: प्राणवायू किती, हूडचा वेग किती, संवेदक केव्हा बदलला. दोष सापडला तर तो कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दूर करणार हे त्याच पानावर असू द्या, आणि ते पान दारावर लावा. तिथे काम करणाऱ्या सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला प्रयोग थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठातील २०१० च्या स्फोटाची चौकशी तेथील स्वतंत्र रासायनिक सुरक्षा मंडळाने केली, आणि तो अहवाल आज कोणीही वाचू शकतो. आपल्याकडे असे मंडळ नाही. त्यामुळे एका प्रयोगशाळेने जीव गमावून शिकलेला धडा शेजारच्या प्रयोगशाळेला वर्तमानपत्रातून अर्धामुर्धा कळतो. कोट्यवधींच्या प्रकल्पांना पैसे देणाऱ्या संस्थांनी हा प्रश्न हाती घेतला तर तो सुटू शकेल. प्रस्तावात क्रायोस्टॅटसाठी रकाना असतो. त्याच्या खोलीतल्या हवेसाठीही एक ठेवावा.

माझ्या आताच्या प्रयोगशाळेत मापकाशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. वर संवेदक बदलल्याची तारीख आणि पुढची तारीख, खाली रोजचा आकडा. सकाळी पहिला येईल त्याने लिहायचा. गेल्या मंगळवारी एका विद्यार्थिनीने २०.१ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते. शोध घेतला तेव्हा नायट्रोजन भरण्याच्या नळीच्या जोडातून बारीक गळती निघाली. दुपारपर्यंत जोड बदलला, आकडा पुन्हा २०.९ झाला. वार्षिक तक्त्यात या घटनेची नोंद करायला रकाना नव्हता, म्हणून मी ती समासात लिहिली आहे.